६३ बिल्ले आणि किड्यांचं राज्य

१९८२ साली ॲक्टिव्हिजन कंपनीचा 'पिटफॉल' हा गेम आला. अटारी २६०० वर खेळायचा. जंगलातून पळायचं, खड्डे चुकवायचे, मगरींच्या डोक्यावर पाय देत तळं ओलांडायचं. गुण २० हजारांवर गेले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला टपालाने पाठवायचा. कंपनी कापडी बिल्ला धाडायची, तो जाकिटावर शिवून मिरवायचा. पुढे २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० ने आणि २००८ मध्ये प्लेस्टेशनने ही पद्धत यंत्रातच बसवली. फोटो गेला, टपाल गेलं. राहिली ती 'अचीव्हमेंट' नावाची यादी आणि ती पुरी करण्याची खाज.

ही खाज कुठवर नेते ते पाहायचं तर 'हॉलो नाइट' घ्यावा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये टीम चेरी नावाची मूठभर माणसांची टोळी आहे. लोकवर्गणीतून सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर उभे करून त्यांनी हा गेम पुरा केला आणि २४ फेब्रुवारी २०१७ रोजी बाजारात आणला. पडदा आडवा-उभा सरकतो, आपलं पात्र बाजूने दिसतं. एक मुका, मुखवट्याच्या चेहऱ्याचा किडा हातात खिळा घेऊन जमिनीखालच्या हॅलोनेस्ट या उद्ध्वस्त राज्यात उतरतो. कुठे जायचं हे कोणी सांगत नाही. नकाशासुद्धा फुकट नाही. गुणगुणण्याचा आवाज आणि जमिनीवर पडलेले कागद यांचा माग काढत कॉर्निफर नावाचा नकाशेवाला शोधायचा, त्याच्याकडून त्या भागाचा अर्धामुर्धा नकाशा विकत घ्यायचा. पुढचं आपण फिरू तसं त्यावर उतरतं, पण त्यासाठी लेखणीही विकत घ्यावी लागते आणि बाकावर बसावं लागतं. एवढं करून नकाशात आपण कुठे उभे आहोत हे हवं असेल, तर त्याचं होकायंत्र वेगळं! वाट चुकणं हाच इथला पहिला धडा, आणि मला तो फार आवडतो.

यादीत ६३ बिल्ले आहेत. काही आपसूक पदरात पडतात. काही निव्वळ हमालीचे: काचेच्या बरण्यांत कोंडलेल्या ४६ अळ्या सोडवा, राज्यातल्या सगळ्या प्राण्यांची टिपणं वहीत भरा. मात्र काही बिल्ले सद्वर्तनाबद्दल मुळीच नाहीत. झोट नावाचा एक बढाईखोर वाटेत एका मोठ्या माशीच्या जबड्यात अडकलेला सापडतो. सोडवला तर आभार राहिले बाजूला, उलट तोच आपल्यावर डाफरतो. न सोडवता त्याला मरू दिलं, तर त्याचाही बिल्ला! खिळ्याला धार लावणाऱ्या लोहाराचंही तसंच. आयुष्यातलं सर्वोत्तम पातं घडवून झाल्यावर तो म्हणतो, आता याची धार माझ्यावरच पाहा. मारलं तर एक बिल्ला. हात आवरला तर तो पुढे एका निवृत्त खड्गगुरूच्या चित्रशाळेत सुखाने नांदताना दिसतो, त्याचा दुसरा. दोन्ही हवे असतील तर दोन सेव्ह हवेत. म्हणजे यादी पुरी करणाऱ्याला एकदा दयाळू आणि एकदा निर्दय व्हावंच लागतं. माझ्या मते यादी रचणाऱ्यांचं सगळं कसब इथे दिसतं. त्यांना आपली चपळाई मोजायची आहेच, पण तेच राज्य वेगळ्या नजरेने पुन्हा पाहायलाही लावायचं आहे.

वेळेचे बिल्ले याच जातीचे. गेम १० तासांच्या आत संपवा, मग ५ तासांच्या आत. शिवाय शंभर टक्के काम २० तासांच्या आत. (मोफत आलेल्या पुरवण्यांमुळे एकूण माप ११२ टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे नावडती बारा टक्के सोडून देता येतात. नाजूक फूल एकही फटका न खाता दूरच्या कबरीपर्यंत पोचवण्याचं काम बरेच जण याच सवलतीत टाळतात.) पहिल्या खेपेला सिटी ऑफ टीअर्स या अखंड पावसाच्या शहरात आपण खिडक्या बघत रेंगाळतो. पाच तासांच्या खेपेत तेच शहर म्हणजे फक्त लिफ्ट, उड्या आणि सर्वांत जवळची वाट.

आणि मग 'स्टील सोल'. एरवी मेलं की आपली सावली मागे राहते, परत जाऊन तिला हरवलं की गमावलेले पैसे मिळतात. इथे मेलं की सेव्हच संपला. जाणकार तीन ओझी एकाच फेरीत बांधतात: शंभर टक्के, वीस तास आणि मरायचं नाही. दोन पळवाटा आहेत. स्वप्नातलं मरण धरलं जात नाही. आणि बॉससमोर जीव जातोय असं दिसताच खेळातून बाहेर पडलं, तर परतल्यावर आपण शेवटच्या बाकावर जिवंत असतो. काही कट्टर मंडळी याला लबाडी म्हणतात. मी म्हणणार नाही. बारा-चौदा तासांची मेहनत वाचवणं ही अक्कलच आहे.

२०१८ च्या 'गॉडमास्टर' या पुरवणीतला शेवटचा बिल्ला मात्र कोणतीच पळवाट देत नाही. ४२ लढती ओळीने, मधे मोजके विसावे, आणि सर्वांत अवघड शत्रू सर्वांत शेवटी. त्याच्यापुढे पडलं की पुन्हा पहिल्या लढतीपासून. ४१ ओळखीच्या शत्रूंना पुन्हा हरवून ४२व्याचा क्षणभर सराव, असा हा हिशेब आहे. तो मला थोडा अन्यायाचाच वाटतो. अवघडपणाला हरकत नाही, रांगेत उभं राहण्याला आहे.

एवढं करूनही पांढऱ्या राजवाड्यातला 'पाथ ऑफ पेन' उरतोच. फिरत्या करवती, काटे, उडीवर उडी, आणि शत्रू जवळजवळ नाहीतच. शेवटी बक्षीस म्हणून काही क्षणांचं एक दृश्य आणि वहीतली एक नोंद. बिल्ला नाही. ६३ पैकी ६३ मिळवलेल्या माणसाने इथे पाऊलही टाकलेलं नसू शकतं, आणि तरीही करवतीखाली रात्री घालवणारे खेळाडू भरपूर आहेत. बिल्ला न ठेवल्याबद्दल टीम चेरीचे आभारच मानायला हवेत. ठेवला असता, तर माझी यादी कायमची ६२ वर अडकली असती.