विश्लेषण : एसीशिवाय अख्खे घर गार करणारा ‘होल हाऊस फॅन’ काय आहे? बसवताना कोणती चूक जिवावर बेतू शकते?

सूर्य मावळतो, बाहेर गार वारा सुटतो. पण वरच्या मजल्यावरची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेलीच राहते. छताखाली अडकलेली ही गरम हवा बाहेर काढण्यासाठी अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, ‘होल हाऊस फॅन’ वापरला जातो. तो विजेची बचत करतो, पण चुकीच्या पद्धतीने बसवला किंवा वापरला तर घरात विषारी वायू भरू शकतो.

काम कसे करतो?

अमेरिकेतील अनेक घरांत उतरते छप्पर आणि खोलीचे सिलिंग यांच्यामध्ये पोटमाळा असतो. वरच्या मजल्याच्या सिलिंगमध्ये हा पंखा बसवतात. खिडक्या उघडून तो सुरू केला की बाहेरची गार हवा आत येते. घरातली गरम हवा पोटमाळ्यात ढकलली जाते आणि तिथल्या झरोक्यांतून बाहेर पडते. पंखा हवा थंड करत नाही, फक्त बदलतो. त्यामुळे बाहेरचे तापमान घरातल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच तो चालवायचा आणि सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या बंद करायच्या.

कॅलिफोर्नियातच का?

सॅक्रामेंटोमध्ये जुलैत दुपारी पारा 35 अंशांच्या आसपास असतो. पहाटे तो 16 अंशांच्या जवळ उतरतो. हवा कोरडी असते. दिवस-रात्रीतील ही मोठी तफावतच या पंख्याचे भांडवल आहे. जंगलातील वणव्यांचा धूर पसरलेला असताना मात्र तो बंद ठेवावा लागतो.

गणित काय?

1,000 चौरस फुटांच्या आणि 10 फूट उंचीच्या घरात 10,000 घनफूट हवा असते. मिनिटाला 3,000 घनफूट हवा खेचणारा पंखा एवढी हवा साडेतीन मिनिटांच्या आत बाहेर टाकतो. दर 750 घनफुटांमागे पोटमाळ्याला 1 चौरस फूट मोकळा झरोका, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे या पंख्याला किमान 4 चौरस फूट जागा हवी. पंख्याला साधारण काहीशे वॉट वीज लागते. तिथल्या सेंट्रल एसीला अनेकदा 3,000 वॉटहून अधिक लागते.

धोका कोणता?

पुरेशा खिडक्या न उघडता पंखा चालवला तर तो मिळेल तिथून हवा ओढतो. घरात गॅसवर चालणारा वॉटर हीटर असेल, तर त्याच्या धुराड्यातून बाहेर जाणारा वायू उलटा घरात येऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. म्हणून आधी खिडक्या, मग पंखा हा क्रम चुकवायचा नाही. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही असायला हवा.

महाराष्ट्रात उपयोग होईल?

आपल्याकडे बहुतांश घरांना काँक्रीटचा स्लॅब असतो, पोटमाळा नसतो. त्यामुळे हा पंखा जसाच्या तसा बसत नाही. तत्त्व मात्र वापरता येते. बंगल्यात किंवा रो-हाऊसमध्ये गच्चीच्या जिन्यावरच्या खोलीत भिंतीला उंचावर मोठा एक्झॉस्ट फॅन बसवून खालच्या खिडक्या उघडता येतात. जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप निघून जायची, त्याचाच हा यांत्रिक अवतार.

पुणे, नाशिकमध्ये एप्रिलच्या रात्री बऱ्यापैकी उतरतात. तिथे फायदा दिसेल. मुंबई-कोकणात रात्रीही हवा दमट असते. नागपुरात मे महिन्यात पहाटेही पारा 28 अंशांच्या आसपास राहतो. तिथे केवळ पंख्यावर भागणार नाही. दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता हळूहळू सोडतो, त्यामुळे तासाभरात गारवा मिळेल अशी अपेक्षाही नको. पंखा रात्रभर चालवावा लागतो. गच्चीला पांढरा रंग दिला तर स्लॅब मुळातच कमी तापतो.

खिडक्यांना जाळी आणि ग्रिल हवेच. जाळी हवा अडवते, म्हणून एक खिडकी जास्त उघडावी. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर तो सुरू असताना हा पंखा अजिबात लावू नये.