‘स्वतःचे नाव तर आठवते ना?’

गेल्या रविवारी मुलाच्या आग्रहाने ‘द बोर्न आयडेंटिटी’ हा २००२ सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला. भूमध्य समुद्रात मच्छिमारांना एक तरुण तरंगताना सापडतो. पाठीत दोन गोळ्या, कातडीखाली दडवलेली छोटी नळी आणि तीत झुरिकच्या एका बँकेतील खात्याचा क्रमांक. त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. बँकेच्या पेटीत नोटांची बंडले, पिस्तूल आणि निरनिराळ्या नावांचे पासपोर्ट निघतात. फोटो मात्र सगळ्यांवर त्याचाच! हा गडी अमेरिकी गुप्तहेर खात्याचा मारेकरी होता, हे त्याला हळूहळू उमगत जाते. मॅट डेमनने काम झकास केले आहे. मला मात्र चित्रपट पाहताना आमचे गुरुजी आठवत राहिले.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या या निवृत्त प्राथमिक शिक्षकांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला, तोही डोके दुखते म्हणून. बोलता बोलता कळले, की दोन-तीन आठवड्यांपासून गुरुजी जेवून उठले की पुन्हा जेवायला मागत, तोच प्रश्न दहादा विचारत. मी चिंतेने पाहिले, तसा मुलगा म्हणाला, “वय झालं, डॉक्टरसाहेब. तसं काही नाही. स्वतःचं नाव, गाव, सगळ्या नातवंडांची नावं अगदी बरोबर सांगतात.”

वाचकहो, इथेच घोटाळा होतो. आपल्याला विस्मरण माहीत आहे ते पडद्यावरचे. तिथे नायक पहिल्यांदा नाव विसरतो. प्रत्यक्षात मेंदूला इजा झाली तर नाव सहसा सर्वांत शेवटी जाते; आधी जाते ती नवी गोष्ट मनात टिकवण्याची शक्ती. हे काम मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या लहानशा भागाकडे असते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला गेला. फेफरे कमी झाले, पण त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नवे असे फारसे काही लक्षात राहिले नाही. नाव, बालपण ठाऊक होते. मात्र नुकत्याच भेटून गेलेल्या माणसाची ओळख राहत नसे. गंमत अशी, की ब्रेंडा मिलनर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे, हे मात्र त्याला दरवेळी नवीनच! हाताची शिकवण वेगळ्या कप्प्यात राहते. तेव्हा बोर्नला नाव न आठवता मारामारी जमते, एवढे चित्रपटाने बरोबर दाखवले आहे.

नाव-गाव सारेच विसरण्याचे प्रकार घडतात, पण क्वचित, आणि त्यांचे मूळ बहुधा मनावरच्या ताणात असते. योगायोगाने बोर्न आडनावाचाच एक दाखला आहे. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल बोर्न हा धर्मोपदेशक १८८७ च्या जानेवारीत बँकेतून पैसे काढून नाहीसा झाला. दुसऱ्या प्रांतात जाऊन त्याने ‘ब्राऊन’ नावाने छोटे दुकान थाटले आणि मार्चमध्ये एका सकाळी जागा होऊन ‘मी कुठे आहे?’ असे घाबरून विचारू लागला. आपल्या चित्रपटांतला डोक्यावरचा दुसरा तडाखा मात्र निव्वळ कल्पना. त्याने स्मृती परत येत नाही, मेंदूला आणखी इजा होते.

गुरुजींच्या मुलाला मी विचारले, “मध्यंतरी पडले होते का?” बराच वेळ आठवून तो म्हणाला, “महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले होते. टेंगूळ आलं होतं थोडं.” जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन केला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साकळले होते. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे त्यावरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानेही त्या फाटतात आणि रक्त आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा दारू चालू असेल तर धोका अधिक. पडल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत विसराळूपणा, झोपाळूपणा, डोकेदुखी किंवा चालताना झोक जाणे दिसले, तर वयावर ढकलू नका, तपासून घ्या. ताज्या अपघातानंतर माणूस तेच तेच विचारू लागला, ओकू लागला किंवा गुंगीत जाऊ लागला, तर तासभरही थांबू नका. विसरभोळेपणामागे ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉईडची कमतरताही असू शकते. ती साध्या रक्ततपासणीत कळते.

गुरुजींच्या कवटीला छोटे भोक पाडून रक्त काढले. पंधरा दिवसांनी ते स्वतः चालत दवाखान्यात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “सगळं आठवतंय. पण दिवाळी झाली म्हणतात, ती काही मला आठवत नाही. लाडू तरी खाल्ले का हो मी?”

मुलगा म्हणाला, “चार वेळा, बाबा. दरवेळी पहिल्यांदाच.”