विद्यार्थी रस्त्यावर कां येतात ?

विद्यार्थ्यानें विद्यार्जनाखेरीज अन्य गोष्टींत मन घालावें कीं नाहीं, हा वाद आपल्या समाजांत फार जुना आहे. १९४२ सालीं कित्येक घरांत तो कडाक्यानें झाला. वडील म्हणत, आधीं परीक्षा दे. मुलगा म्हणे, देश पेटला असतां परीक्षा कसली? आणि माजघरांत आईच्या डोळ्यांस पाणी येई. आज तोच वाद निराळें रूप घेऊन दारांत उभा आहे. या खेपेस निमित्त परकीय सत्तेचें नाहीं. तें आहे ऋतुमानाचें, आणि ऐकून नवल वाटेल, पण रस्त्यावरील साध्या बसगाडीचें. हवा आणि बसगाडी यांचा संबंध काय, व त्यासाठीं शाळकरी मुलांनीं हातांत फलक घेऊन उभें राहण्याचें कारण काय, हें ज्यांच्या घरांत शिकतीं मुलें आहेत त्यांनीं तरी समजून घेणें अवश्य आहे. निवाडा मागाहून करावा. आधीं फिर्याद ऐकावी.

फिर्यादीचा शास्त्रीय आधार थोडक्यांत असा. कोळसा व तेल जाळल्यानें जो कर्बाम्लवायु, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, हवेंत मिसळतो, तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा करितो. ही गोष्ट कोणा चळवळ्यानें रचिलेली नाहीं. स्वीडन देशांतील आरेनियस नामक रसायनशास्त्रज्ञानें १८९६ सालींच हिशेब मांडून दाखविलें होतें कीं, या वायूचें प्रमाण वाढल्यास पृथ्वीचें तपमान वाढेल. पुढें १९५८ सालीं कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर या वायूची नित्य मोजदाद सुरू केली. त्या वेळीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते; २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेलेले होते. जगांत इंधन जाळल्यामुळें या वायूची जी भर पडते तिचा जवळ जवळ चतुर्थांश वाहतुकींतून येतो, आणि त्यांतही मोठा वांटा रस्त्यावरील वाहनांचा असतो. एका माणसासाठीं एक मोटार धांवते तेव्हां, आणि त्याच रस्त्यानें पन्नास माणसें एका बसगाडींतून जातात तेव्हां, माणशीं किती इंधन जळतें, याचें त्रैराशिक प्राथमिक शाळेंतील मुलगाही मांडील. हवा आणि बसगाडी यांचा संबंध तो एवढाच. पण तो पक्का आहे.

२० ऑगस्ट २०१८ रोजीं ग्रेटा थुनबर्ग नांवाची पंधरा वर्षांची मुलगी शाळेंत न जातां स्टॉकहोम शहरीं स्वीडनच्या पार्लमेंटापुढें एकटीच जाऊन बसली. देशांतील निवडणूक होईपर्यंत रोज, व त्यानंतर दर शुक्रवारीं, असा तिनें नेम धरिला. वर्षभरांत देशोदेशींच्या मुलांनीं तिचें अनुकरण केलें. २० सप्टेंबर २०१९ च्या शुक्रवारीं तर सर्व खंडांत मिळून लक्षावधि माणसें रस्त्यावर आलीं. शाळा बुडवून हवा कशी सुधारणार, असा प्रश्न तेव्हां पुष्कळांनीं केला. आम्ही आयुष्यभर हजेरीपट हातांत घेऊन वर्गांत उभे राहिलों. शाळा बुडविणें हा सद्गुण आहे, असें आमच्या तोंडून निघणें शक्य नाहीं. परंतु ज्या उपनिषदांचा आपणांस अभिमान आहे, त्यांतील एक कथा या जागीं आठवल्यावांचून राहत नाहीं. वाजश्रवसानें सर्वस्वदानाचा यज्ञ आरंभिला आणि दक्षिणेंत दिल्या त्या दूध आटलेल्या, चारापाणी सुटलेल्या गाई. तें पाहून नचिकेता या त्याच्या अल्पवयी पुत्रानें विचारिलें, “मला कोणास देणार ?” एकदां नव्हे, तीनदां विचारिलें. बाप संतापला. पण उपनिषत्कार त्या मुलास उद्धट म्हणत नाहींत. त्याच्या ठिकाणीं श्रद्धा उत्पन्न झाली, असें ते म्हणतात. वडिलांचें बोलणें व वडिलांची करणी यांतील अंतर पाहून ज्या मुलास दुःख होतें, त्याच्या प्रश्नास अनादर म्हणावयाचें कीं श्रद्धा, हें वाचकांनींच ठरवावें. २०१५ सालीं पॅरिस येथें जगांतील राष्ट्रांनीं तापमानवाढ दोन अंशांच्या पुष्कळ खालीं ठेवण्याचा व शक्य तों दीड अंशावर रोखण्याचा संकल्प सोडिला. त्या संकल्पाचें उदक सोडल्यावर दक्षिणेंत गाई कोणत्या दिल्या, एवढेंच हीं मुलें विचारीत आहेत.

हा प्रश्न केवळ रस्त्यावर राहिला नाहीं, तो न्यायासनापुढेंही गेला. जर्मनींतील कांहीं तरुणांनीं आपल्या देशाचा २०१९ चा हवामानविषयक कायदा अपुरा आहे, अशी तक्रार तेथील घटना-न्यायालयांत नेली. २४ मार्च २०२१ च्या निर्णयांत न्यायालयानें ती अंशतः मान्य केली. निर्णयाचा आशय असा कीं, आजच्या पिढीनें आपला भार हलका ठेवून २०३० नंतरच्या काळावर सारें ओझें ढकलणें म्हणजे उद्यांच्या नागरिकांच्या स्वातंत्र्याचा संकोच करणें होय. यानंतर सरकारनें कायदा सुधारला. २०३० पर्यंतच्या कपातीचें प्रमाण शेंकडा ५५ वरून ६५ वर नेलें, आणि हवेंत निव्वळ भर शून्य करण्याची मुदत २०५० वरून २०४५ वर आणली.

ऋण ही कल्पना आपणांस शिकविण्यास जर्मनीची गरज नाहीं. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असें आपले शास्त्रकार सांगतात. त्यांतील पितृऋणाची मौज अशी कीं, ज्यांच्याकडून घेतलें त्यांस तें परत करितां येत नाहीं. तें पुढच्या पिढीस देऊनच फेडावयाचें असतें. मग ज्या कर्त्या पुरुषानें घरांतील तांदूळ, तूप व लांकूडफांटा आपल्याच हयातींत संपविला आणि नातवंडांच्या हातीं सावकाराची वही ठेविली, त्यानें पितृऋण फेडलें असें कोणता शास्त्री म्हणेल ?

आतां बसगाडीकडे वळूं. २०२२ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत जर्मन सरकारनें इंधनाच्या महागाईवर उतारा म्हणून महिना ९ युरोंचें एक तिकीट काढिलें. तें घेतलें म्हणजे देशभर कोणत्याही शहरांतील बस, ट्राम व जवळच्या पल्ल्याची आगगाडी यांतून फिरण्यास मोकळीक होती. अशीं पांच कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. तरुणांनीं आग्रह धरिला कीं, ही सोय मोडूं नये. ती जशीच्या तशी टिकली नाहीं. पण मे २०२३ पासून ४९ युरोंचें मासिक तिकीट सुरू झालें. पुढें त्याचें मोल वाढत जाऊन जानेवारी २०२५ मध्यें ५८ व जानेवारी २०२६ मध्यें ६३ युरो झालें. यावरून एक गोष्ट दिसून आली : गाडी स्वस्त व सोपी केली तर माणसें तींत बसतात. दुसरीही दिसून आली : माणसें बसलीं तरी गाड्या व त्या हांकणारे हात पुरेसे नसतील, तर गर्दी आणि खोळंबा हेंच पदरीं येतें.

येथेंच या चळवळीस आम्हांस सर्वांत शहाणें वाटणारें वळण लागलें. अधिक गाड्या द्या, असें विद्यार्थी म्हणत होते. गाड्या हांकणारे म्हणत होते, पाळ्यांचे तास लांब, विश्रांति थोडी, पगार बेताचा; नवीं माणसें या धंद्यांत येईनात, मग तुमच्या अधिक गाड्या हांकणार कोण ? हें ऐकून विद्यार्थी घरीं गेले नाहींत. ते आगारांच्या दारांशीं गेले. शुक्रवारची चळवळ करणारी मुलें आणि ‘व्हेर्डी’ ही कामगारसंघटना यांनीं २०२० पासून ‘आपण एकत्र प्रवास करतों’ अशा अर्थाच्या जर्मन नांवाखालीं एकजूट केली. मुलांनीं चालकांच्या अडचणी ऐकिल्या, त्यांच्या मागण्यांसाठीं दारोदार सह्या गोळा केल्या, व ३ मार्च २०२३ आणि १ मार्च २०२४ या दिवशीं दोघांनीं मिळून संप व मोर्चे केले. २०२४ सालीं नगरवाहतुकींतील सुमारे नव्वद हजार नोकरांच्या करारांचा प्रश्न होता. पुढें बहुतेक प्रांतांत करार होऊन कामाच्या अटींत कांहीं सुधारणा झाल्या. सार्वजनिक वाहतूक दुप्पट व्हावी, ही मोठी मागणी मात्र तशीच उभी राहिली.

या कार्यावर आक्षेप नाहींत असें नाहीं. बसगाड्या वाढाव्यात म्हणून बसगाड्याच बंद पाडणें, ही विपरीत गोष्ट खरी. त्या दिवशीं ज्याच्याजवळ मोटार आहे तो मोटारींतून गेला. खोळंबा झाला तो मोलकरणीचा, परिचारिकेचा आणि शाळकरी मुलाचा. शिवाय मजुरीच्या तंट्यांत देशाच्या धोरणाची मागणी मिसळूं नये, असें मालकपक्षानें जोरानें म्हटलें. राजकीय हेतूचा संप जर्मनींत कायदेशीर मानीत नाहींत, हेंही लक्षांत ठेवावें; म्हणूनच कामगारांचा संप करारासाठीं व विद्यार्थ्यांचा मोर्चा हवेसाठीं, अशी सीमा तेथें आंखावी लागली. आमच्या मतें संप हें औषध आहे, अन्न नव्हे. वारंवार घेतल्यास तें ज्याच्यासाठीं घेतलें त्यासच बाधेल.

परदेशच्या गोष्टी सोप्या वाटतात. आपल्या दाराशीं प्रश्न येतो तेव्हां तो अवघड असतो. मुंबईंतील कुलाबा ते सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरांच्या भुयारी मेट्रोसाठीं गाड्यांचें आगार आरे वसाहतींत बांधावयाचें ठरलें. २९ ऑगस्ट २०१९ रोजीं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानें २,६४६ झाडांपैकीं २,१८५ तोडण्यास व ४६१ दुसरीकडे लावण्यास मान्यता दिली. ४ ऑक्टोबर रोजीं उच्च न्यायालयानें विरोधी अर्ज फेटाळले आणि त्याच रात्रीं कुऱ्हाड चालूं लागली. आदिवासी पाड्यांतील माणसें, विद्यार्थी व नागरिक तेथें धांवले. २९ जणांस अटक झाली. तेव्हां कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं सरन्यायाधीशांस पत्र लिहिलें, आणि सुटीचे दिवस असतांही ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें विशेष बैठक घेऊन पुढील तोड थांबविली. तोंवर २,१४१ झाडें पडलेलीं होतीं.

येथें एका बाजूला वृक्ष व दुसऱ्या बाजूला पापी मोटार, असा सामना नव्हता. मेट्रोही हवेच्याच हिताची, आणि झाडेंही हवेच्याच हिताचीं. लोकलच्या दारांत लोंबकळत जाणाऱ्यास मेट्रो नको असें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे ? विद्यार्थ्यांतील जाणत्यांनीं तसें म्हटलेंही नाहीं. मेट्रो हवी, आगार अन्यत्र न्या, हें त्यांचें म्हणणें होतें. पुढें सरकारें बदललीं, आगार कांजूरमार्गास न्यावयाचें ठरलें, त्यासही न्यायालयांत अडथळा आला, आणि २०२२ सालीं तें पुन्हां आरे येथेंच आलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें ही मेट्रो संपूर्ण मार्गावर धांवूं लागली. विद्यार्थी हरले कीं जिंकले ? झाडें गेलीं, म्हणून हरले. पण ‘लोकोपयोगी काम’ एवढा शिक्का मारला म्हणजे पुढें कोणी कांहीं विचारूं नये, ही रूढि त्यांनीं मोडिली. हेंही कमी नव्हे.

भुयारांतील गाडीची चर्चा चालू असतां रस्त्यावरील गाडी मात्र विसरूं नये. मुंबईंत मोटार-बस १५ जुलै १९२६ पासून धांवते आहे. ‘बेस्ट’चें किमान भाडें जुलै २०१९ मध्यें ५ रुपयांवर उतरविलें होतें; मे २०२५ मध्यें तें १० रुपये झालें. मधल्या काळांत संस्थेच्या मालकीच्या गाड्या घटत गेल्या व कंत्राटदारांच्या गाड्यांवर भिस्त वाढली. गाडी अर्धा तास येत नाहीं, म्हणून माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. दुचाकी झाली म्हणून गाडींतील उतारू घटतो. उतारू घटला म्हणून गाडी कमी होते. हें दुष्टचक्र मुंबईंतच आहे असें नव्हे. आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शिकवीत असतां संध्याकाळची एक गाडी बंद झाली. गाडी बंद झाल्याची बातमी कोणत्याही पत्रांत आली नाहीं. आमच्या हजेरीपटांत मात्र ती आली. पलीकडच्या दोन गांवांतील मुलगे सायकली घेऊन येत राहिले; मुलींचीं नांवें एकेक करून गळालीं. सार्वजनिक गाडी हा कोणाच्या शिक्षणाचा व कोणाच्या अज्ञानाचा प्रश्न असतो, हें त्या पटानें आम्हांस शिकविलें.

तर मग आमचा निवाडा काय ? विद्यार्थ्यास आम्ही सांगूं कीं, बाबा, आधीं विषय शीक. घोषणा पाठ करण्यास घटका पुरते. नगरपालिकेचें अंदाजपत्रक वाचण्यास महिना लागतो. तो महिना दे. गाडी हांकणाऱ्याशीं बोल, आरे वसाहतींतील आदिवासीशीं बोल, आणि खोळंबलेल्या उतारूशींही बोल. ज्यांच्यासाठीं आपण ओरडतों त्यांचें ऐकल्यावांचून ओरडणें हा एक प्रकारचा अहंकारच होय. जर्मन मुलांचें यश आम्हांस मोर्च्यांत दिसत नाहीं. तें आगाराच्या दाराशीं जाऊन चार गोष्टी ऐकून घेण्यांत दिसतें.

आणि वडीलधाऱ्यांस सांगूं कीं, मुलाच्या हातांतील फलक हिसकावण्यापूर्वीं आपल्या दारांतील वाहनें मोजा. ज्या घरांत चार माणसें एकाच दिशेनें चार गाड्यांतून जातात, तेथें मुलास शिस्तीचा उपदेश शोभत नाहीं. आठवड्यांतून दोन दिवस तरी सुशिक्षित माणसानें बसगाडींतून जावें. सवलत म्हणून नव्हे, तर तपासनीस म्हणून. ज्या गाडींत वकील, डॉक्टर व मास्तर बसतात ती वेळेवर येऊं लागते; जींत केवळ मुकीं माणसें बसतात तिची दाद कोणी घेत नाहीं. थांब्यावर छप्पर नसेल तर महापालिकेस अर्ज करावा, उत्तर न आल्यास दुसरा करावा, आणि त्या अर्जावर घरांतील मुलांच्याही सह्या घ्याव्यात. अर्ज कसा लिहावा हें त्यांस शिकवावें. न्याय कसा मागावा हें कदाचित् तीं आपणांस शिकवितील.