राक्षसाने राग कुणावर काढावा?

समजा, चाळीस माणसे एका राक्षसावर चालून गेली आहेत. सर्वांत पुढे चिलखत चढवलेला, ढाल धरलेला एक गडी आहे. त्याचे घाव तसे किरकोळच. बाजूने आणि मागून पंचवीस-तीस जण सुरे, बाण, आगीचे गोळे घेऊन राक्षसाला खरोखर सोलून काढत आहेत. आणखी मागे सुती झगे घातलेले काही जण मंत्र म्हणत ढालवाल्याच्या जखमा भरत आहेत. राक्षसाला जराशी अक्कल असती तर त्याने ढालवाल्याला वळसा घालून आधी झगेवाल्यांना चिरडले असते. ते संपले की ढालवाला काही क्षणांत कोसळला असता आणि उरलेल्यांची दाणादाण उडाली असती.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातला राक्षस असे करत नाही. आपल्याला सर्वांत कमी दुखवणाऱ्या त्या ढालवाल्यावरच तो डोके आपटत राहतो. त्याला असे वागायला लावणारा हिशेब हा या लेखाचा विषय आहे. खेळाडू त्याला ‘थ्रेट’ म्हणतात, कधी ‘अ‍ॅग्रो’. मी ‘रोष’ म्हणेन.

ज्यांनी असला खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये हा खेळ बाजारात आणला. प्रत्येक जण आपापल्या घरी संगणकासमोर बसून एकेक पात्र चालवतो आणि गावोगावची, देशोदेशीची माणसे त्या एका काल्पनिक जगात एकत्र येतात. मोठ्या राक्षसांशी गटाने लढायच्या मोहिमेला ‘रेड’ म्हणतात. सुरुवातीच्या काळात ती चाळीस जणांची असे, २००७ पासून पंचवीस किंवा दहांची झाली. २०१९ साली कंपनीने जुन्या नियमांचा खेळ ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा उघडला, तेव्हा मी त्यात शिरलो. माझे पात्र प्रीस्टचे, म्हणजे झगेवाल्यांपैकी. आमचा सर्व्हर युरोपातला. तिथे रात्रीचे आठ वाजले की हिवाळ्यात पुण्यात साडेबारा झालेले असत.

कामांची ही वाटणी या खेळाने शोधलेली नाही. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांनी १९९०च्या सुमारास लिहिलेल्या ‘डिकूमड’ या निव्वळ अक्षरांतून खेळायच्या खेळात तिचे मूळ सापडते. १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये वॉरियर मार खाई, क्लेरिक जखमा भरी आणि एन्चांटर जास्तीच्या राक्षसांना झोपवून ठेवी. वॉरक्राफ्टने ती टँक, हीलर आणि बाकीचे मारणारे अशी पक्की केली. बुद्धिबळात हत्ती सरळ आणि उंट तिरका का चालतो हे आपण विचारत नाही, तसेच इथेही कुणी विचारत नाही. मात्र याच खेळात माणसांविरुद्ध माणसे लढतात तेव्हा सगळे आधी हीलरवर तुटून पडतात आणि ढालवाल्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे टँक नावाचे काम राक्षसाच्या मूर्खपणावर उभे आहे, आणि तो मूर्खपणा मोठ्या काळजीने घडवलेला आहे.

हिशेब असा. प्रत्येक राक्षसाजवळ एक अदृश्य वही असते. तिच्यात प्रत्येकाच्या नावावर रोष चढत जातो. एक अंक इजा केली की एक अंक रोष. एक अंक जखम भरली की अर्धा, आणि तोही लढाईत असलेल्या सगळ्या राक्षसांत वाटला जातो. मी हजाराची जखम भरली आणि समोर पाच राक्षस असले तर प्रत्येकाच्या वहीत माझ्या नावावर शंभर. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त रोष, त्याच्यावर हल्ला. पण नुसते पुढे जाऊन भागत नाही. टँकच्या नावावर हजार असतील, तर राक्षसाला खेटून लढणाऱ्याने अकराशे ओलांडल्यावर तो वळतो आणि लांबून मारणाऱ्याने तेराशे ओलांडल्यावर. नव्याने धावत आलेल्या राक्षसाच्या वहीत टँकचे नावच नसते, तिथे फक्त हीलरचे शंभर असतात. म्हणून तो थेट माझ्याकडे येई. प्रीस्टला अशा वेळी काही सेकंद रोष दडवायची एक विद्या असते. ती संपेपर्यंत टँक धावून आला तर ठीक.

टँक कमी मारतो, तरी त्याच्या नावावर रोष जास्त कसा? वॉरियरने बचावाचा पवित्रा घेतला की त्याचा रोष १.३ पट मोजला जातो. काही वारांना इजेपेक्षा कितीतरी जास्त रोष चिकटवलेला असतो. राक्षसाला डिवचण्याची एक युक्ती तर त्याचा रोष एकदम सर्वोच्च आकड्याइतका नेऊन ठेवते. उलट सुरे चालवणाऱ्या ‘रोग’चा (मराठीत हा शब्द चमत्कारिक वाटतो, पण अर्थ ‘बदमाश’) रोष मुळातच ७१ टक्के धरला जातो. हंटर मेल्याचे सोंग घेऊन आपले खाते कोरे करतो.

पात्रांच्या प्रकारांमधला तोल साधायचा म्हणजे कोण किती जोरात मारतो हे मोजायचे, असा समज असतो. रोषामुळे हे गणित वाकडे होते. मारणाऱ्याची खरी मर्यादा त्याच्या हातात नसून टँकच्या हातात असते. टँक सेकंदाला जेवढा रोष कमावतो त्याच्या पटीतच बाकीच्यांनी मारायचे. त्यापुढची ताकद कितीही असली तरी ती म्यानात. त्यामुळे रोष कमी करणारी साधी वाटणारी विद्यासुद्धा तलवारीइतकी मोलाची ठरते. २००७ पूर्वी पॅलाडिन हे पात्र फक्त अलायन्स या पक्षाकडे होते आणि शमन फक्त होर्डकडे. पॅलाडिनचा एक आशीर्वाद माणसाचा रोष ३० टक्क्यांनी उतरवी. शमनचा टोटेम २० टक्क्यांवर थांबे, तोही पाच जणांच्या तुकडीपुरता. अखेर कंपनीने दोन्ही पात्रे दोन्ही पक्षांना देऊन टाकली. आणखी एक गंमत म्हणजे वॉरियरची शक्ती बरीचशी मार खाल्ल्याने वाढते. चिलखत जितके भारी तितका मार कमी, म्हणून शक्ती कमी, म्हणून रोष कमी. उत्तम बचाव करणारा टँक आपल्या गटाचेच हात बांधतो.

हा नियम सर्वांत उघडा पडतो तो ‘ब्लॅकविंग लेअर’मधल्या व्हेलास्ट्राझ या ड्रॅगनसमोर. तो लढाईला उभा राहतो तेव्हा त्याच्यात ३० टक्केच प्राण उरलेले असतात, आणि तोच गटाला तीन मिनिटे टिकणारी जवळजवळ अमर्याद शक्ती देतो. मारा, हवे तेवढे मारा. पण ठरावीक वेळाने तो टँकला असा शाप देतो की तो जळून मरतोच. मग वहीतल्या दुसऱ्या नावावर ड्रॅगन वळतो. ते नाव दुसऱ्या टँकचे असले तर लढाई पुढे सरकते. एखाद्या उत्साही मेजचे असले तर तो राख होतो आणि तिथून गटाची पडझड सुरू होते. शक्ती अफाट असताना चाळिसातल्या बहुतेकांनी मोजून मारायचे, ही ती परीक्षा.

आणि मोजायचे कशाने? वही अदृश्य होती. कंपनीने आकडे सांगितले नव्हते. ते खेळाडूंनी प्रयोग करून काढले: एकाने राक्षसाला मोजकी इजा करून थांबायचे, दुसऱ्याने हळूहळू वाढवत न्यायचे आणि राक्षस कोणत्या आकड्याला मान वळवतो ते टिपायचे. तोपर्यंत गटाचे चालत होते ते अंदाजावर आणि आवाजावर. ‘टँकचे पाच वार होईपर्यंत कुणी हात उचलायचा नाही’ असे दंडक होते. मग खेळाडूंनीच रोषमापक बनवले. प्रत्येकाचा संगणक आपला रोष मोजून इतरांना कळवी आणि सर्वांच्या पडद्यावर उतरत्या क्रमाने पट्ट्या दिसत. २००८ साली खेळानेच ही माहिती उघड केली.

मार्क चेन या अमेरिकी संशोधकाने आपल्याच रेड-गटाचा अभ्यास करून २०१२ मध्ये ‘लीट नूब्ज’ हे पुस्तक लिहिले. त्यात या मापकाचे गटात येणे बारकाईने टिपले आहे. लक्ष ठेवायचे काही ओझे माणसांवरून यंत्रावर गेले, पण कुणी चूक केली हे दाखवायचे साधनही हाती आले. तो गट पुढे मोडला. मापकामुळे मोडला असे मी म्हणणार नाही, गट मोडायला कारणे पुष्कळ असतात. पण आमच्या गटात मी जे पाहिले ते त्याच जातीचे होते. पडद्यावर दोन मापके असत, एक रोषाचे आणि एक इजेचे. रोषाचे मापक सांगे, थांब. इजेच्या यादीत थांबणारा खाली घसरे. लढाई जिंकल्यावर यादी वाचली जाई ती इजेची. आमच्यातला एक रोग नेमका वेळेवर हात आखडता घेई. त्याच्यामुळे मी कितीदा वाचलो ते मला ठाऊक आहे. तीन महिने तो यादीत तळाशी राहिला आणि मग त्याच्या जागी दुसऱ्याला घेतले. संयमाची पट्टी कोणत्याच मापकात नव्हती.

मूळ खेळात कंपनीने ऑगस्ट २०११ मध्ये हा प्रश्न वेगळ्याच रीतीने निकालात काढला. टँकचा रोष इजेच्या तिप्पट धरला जाई तो पाचपट केला. पुढे मारणाऱ्यांनी वहीची चिंता करण्याचे जवळजवळ कारणच उरले नाही. अनेकांना हे आवडले. कामावरून थकून आलेल्या माणसाला मोकळेपणी मारू द्यावे, यात गैर काही नाही. मला मात्र त्यानंतरच्या लढाया चाळीस जणांनी शेजारी शेजारी बसून सोडवलेल्या चाळीस उत्तरपत्रिकांसारख्या वाटतात.

‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ साली आणखी पुढे जाऊन टँक आणि हीलर ही ठरलेली कामेच काढून टाकली. झाले असे की बहुतेकांनी चिलखताचा विचार सोडून फक्त मारण्याची साधने अंगावर चढवली. २०१५ मध्ये त्यांनीही रेड आणल्या, तेव्हा पहिल्याच राक्षसाला सर्वांत टणक माणसाच्या मागे लागायला शिकवावे लागले.

क्लासिक उघडले तेव्हा जुनी वही परतली, पण खेळाडू जुने नव्हते. आकडे आता सर्वांना पाठ होते, शस्त्रे निवडून जमवलेली होती, मारणारे पूर्वीपेक्षा किती तरी जोरात मारत होते. टँकसमोरचा प्रश्न जिवंत राहण्याचा उरला नाही, मागच्यांच्या पुढे राहण्याचा झाला. आमच्या पहिल्या टँकने त्यावर जो उपाय केला तो तेव्हा सगळीकडेच रूढ होत होता: ढाल पेटीत टाकली आणि दोन्ही हातांत तलवारी घेतल्या. त्याच्या जखमा आता दुपटीने होत आणि त्या भरायचे काम आम्हा झगेवाल्यांचे.