विमान उडविण्याचा सराव : एकेक पायरी

रेडिओवर चालणारे छोटे विमान आकाशात गिरक्या घेऊ लागले की आपणही ते उडवावे, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंगचे शिक्षणही मिळते. परंतु पहिल्याच दिवशी कोलांटी घ्यायला गेल्यास विमान आदळते, साठविलेले पैसे मातीत जातात आणि छंद तेथेच सुटतो. म्हणून सरावाचा क्रम येथे देत आहोत.

आरंभी संगणकावरील सिम्युलेटरवर हात बसवावा. पहिले विमान धडाच्या वर पंख असलेले, स्थिर उडणारे घ्यावे. जाणत्या माणसाचा ट्रान्समीटर आपल्या ट्रान्समीटरला जोडलेला असावा, म्हणजे प्रसंगी तो ताबा घेऊ शकतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी स्टिक उजवीकडे नेऊन पाहावी. उजव्या पंखाचे एलेरॉन वर उचलले गेले पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे पुरेशा उंचीवर सरळ व समतल उडणे. उंची ही आपली शिल्लक होय. चूक झाली तरी सावरण्यास वेळ मिळतो. दुसरी पायरी मंद वळणांची. डावी आणि उजवी, दोन्ही वळणे सारखीच जमली पाहिजेत. तिसरी पायरी इंग्रजी आठच्या आकड्याची. यात विमान कधी आपल्यापासून दूर जाते, तर कधी आपल्याकडे येते. समोरून येताना डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला स्टिक न्यावी, विमान समतल होते.

चौथी पायरी मंद गतीची. वेग फार कमी होऊन नाक वर राहिले की पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो व विमान एकदम कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. उंचावर असतानाच हा अनुभव घ्यावा आणि नाक खाली करून वेग परत मिळविण्यास शिकावे. जमिनीजवळ तो शिकण्यास वेळ नसतो.

पाचवी पायरी उतरण्याची. मैदानाभोवती चौकोनी फेरी घेऊन वाऱ्याच्या समोर उतरावे. विमान धावपट्टीपर्यंत पोहोचणार नाही असे दिसताच नवशिका नाक वर ओढतो, आणि तेथेच घात होतो. अशा वेळी थ्रॉटल वाढवावे. मनासारखे जमत नसेल तर पुन्हा फेरी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. हे सारे अंगवळणी पडल्यावरच कोलांटी व गिरकी शिकावी.

सराव मोकळ्या मैदानात, माणसांपासून दूर करावा. वेगाने येणारे विमान व फिरता पंखा इजा करतो. 2021 च्या ड्रोन नियमांत हिरवे, पिवळे व लाल असे विभाग ठरविले आहेत. पिवळ्या व लाल विभागांत परवानगीवाचून उडवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, एका दिवसाला एकच पायरी पुरे. ती तीन वेळा नीट जमली, तरच पुढची चढावी. विमान अखंड घरी आले, तर उद्याचा धडा शिल्लक राहतो.