दाभोळच्या नव्या घरातील ऊन पाणी

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या दाभोळात घर उबदार राखण्याचा प्रश्न उद्भवत नाही. येथे घर बांधणाऱ्याने विचार करावयाचा तो स्नानाच्या पाण्याचा. मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी योजलेली 2018 ची इको निवास संहिताही आपल्या दमट हवेत आत शिरणाऱ्या उष्णतेलाच आवर घालू पाहते. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर नेण्यास सुमारे 2.3 युनिट वीज लागते, आणि हा खर्च नित्याचा असल्याने, दक्षिणाभिमुख बसविलेला सौर बंब, ज्यात तापून हलके झालेले पाणी पंपावाचून वरच्या टाकीत चढते, तोच मला सर्वथा श्रेयस्कर वाटतो. आषाढ-श्रावणात मात्र सूर्यदर्शन दुर्मीळ. तेव्हा नारळाच्या सोडणांवर नि करवंट्यांवर पेटणारा वडिलोपार्जित तांब्याचा बंब मोडीत घालू नये. विजेचा गीझर घेणे भागच पडले, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पट्टीवरील तारे अवश्य पाहावेत, कारण भरून ठेवलेल्या पाण्याची उष्णता न वापरताच किती वाया जाते, याचा तो सरकारमान्य दाखला होय. निवड कोणतीही असो, गरम पाण्याच्या नळाचा मार्ग भिंतींना गिलावा होण्यापूर्वीच गवंड्याला आखून द्यावा.