बोली लागण्यापूर्वी : तरुण क्रिकेटपटूंच्या पारखीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्यावसायिक खेळांत नवे खेळाडू संघांमध्ये वाटून देण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या स्पर्धेत 32 संघ दरवर्षी सात फेऱ्यांत, ठरलेल्या क्रमाने महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात, आणि आदल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे पडला त्याला साधारणपणे पहिली संधी मिळते. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. भारतातील इंडियन प्रीमियर लीगने, म्हणजे आयपीएलने, 2008 साली पहिल्या हंगामापासूनच लिलावाचा मार्ग पत्करला, ज्यात क्रम महत्त्वाचा नसून संघाच्या थैलीत उरलेली रक्कम महत्त्वाची असते. पद्धती वेगळ्या असल्या तरी दोन्हींच्या मुळाशी एकच अवघड प्रश्न आहे, तो असा की खालच्या स्तरावर दिसलेल्या खेळावरून वरच्या स्तरावरील खेळाचे भाकीत कितपत करता येते. अमेरिकेत हा प्रश्न सर्वाधिक चर्चिला जातो तो क्वार्टरबॅकच्या बाबतीत. चेंडू हाती आल्यावर तो कोणाकडे फेकायचा याचा निर्णय दोन-तीन सेकंदांत घेणारा, आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात असा हा खेळाडू होय. मुंबईच्या उपनगरांत, आणि त्यांना उत्तरेकडे लागून असलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरांत, हीच चर्चा आयपीएलच्या लिलावाच्या सुमारास फलंदाज आणि वेगवान गोलंदाज यांच्याविषयी चालते, आणि तिच्यात तथ्यापेक्षा समजुतींचाच भरणा अधिक असतो.

त्यांपैकी पहिली समजूत भूगोलाची आहे. मुंबईच्या क्रिकेटची दारे दादर, माटुंगा आणि आझाद मैदान यांच्या परिघात राहणाऱ्यांनाच उघडतात आणि मुंबईच्या उत्तर हद्दीवरचा दहिसरचा नाका ओलांडला की खेळाडू बाहेरचा ठरतो, असे मीरा रोड-भाईंदरमधील अनेक पालक गृहीत धरतात. वस्तुस्थिती अशी आहे की मीरा-भाईंदर महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात असली, तरी मुंबई क्रिकेट असोसिएशनचे कार्यक्षेत्र बृहन्मुंबईपुरते मर्यादित नाही. ठाणे, नवी मुंबई आणि पालघर हे पट्टेही त्यात येतात, त्यामुळे भाईंदरच्या मुलाला वयोगटाच्या मुंबई संघात येण्यासाठी पत्ता बदलावा लागत नाही. शार्दूल ठाकूर पालघरचा, म्हणजे चर्चगेटपासून भाईंदर जितके दूर आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरचा. पृथ्वी शॉ विरारचा. आणि दोघेही भाईंदरवरून चर्चगेटकडे जाणाऱ्या याच रेल्वेमार्गाने येजा करत कसोटी संघापर्यंत पोहोचले. अर्थात अंतराची किंमत शून्य असते असे नव्हे. सकाळच्या गर्दीत किटबॅग घेऊन लोकलमध्ये चढणे ही कसोटी कोणत्याही निवडकर्त्याच्या तक्त्यात नोंदली जात नाही, पण तिच्यापायी रोजचे दोन-अडीच तास जातात, आणि ते सरावातून किंवा झोपेतून वजा होतात.

याच समजुतीची जुळी बहीण म्हणजे खासगी अकादमीचे प्रमाणपत्र लिलावापर्यंत नेते ही कल्पना. आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूची नोंदणी लिलावासाठी त्याच्या राज्य संघटनेमार्फत होते, आणि संघांचे गुणवत्ताशोधक, ज्यांना सर्रास ‘स्काउट’ म्हटले जाते, ते मुख्यतः राज्य संघटनांचे आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे सामने पाहतात, शिवाय 2018 मध्ये सुरू झालेल्या टी-20 मुंबई लीगसारख्या स्थानिक स्पर्धाही त्यांच्या नजरेखाली असतात. अकादमी खेळ शिकवू शकते, पण यादीत नाव घालू शकत नाही. शुल्काची पावती फाडण्यापूर्वी हा फरक लक्षात घेतलेला बरा.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज मात्र धावसंख्येचा आहे, आणि त्याची उकल करण्यासाठी मुंबई परिसराइतकी सोयीची भूमी दुसरी नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या पृथ्वी शॉने 330 चेंडूंत 546 धावा केल्या. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषकाच्या सामन्यात 327 चेंडूंत नाबाद 1009 धावा केल्या, ज्यात 129 चौकार आणि 59 षटकार होते. आकड्यांवरच विसंबायचे, तर दुसरा डाव पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट मोलाचा ठरायला हवा होता. प्रत्यक्षात पहिल्या डावाचा धनी 2018 मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघाचा कर्णधार झाला, त्याच वर्षी दिल्लीच्या संघाने त्याला 1.2 कोटी रुपयांना घेतले आणि ऑक्टोबरमध्ये राजकोटला त्याने कसोटी पदार्पणातच 134 धावा केल्या, तर दुसऱ्या डावाचा धनी प्रथम श्रेणी क्रिकेटपर्यंतही पोहोचला नाही. यात त्या मुलाचा काही उणेपणा नाही. समोर आलेला प्रत्येक चेंडू त्याने उत्तम खेळला. परंतु ज्या संघाविरुद्ध तो खेळत होता, त्या आर्य गुरुकुलचे दोन डाव 31 आणि 52 धावांत आटोपले होते, आणि के. सी. गांधी शाळेची एकूण धावसंख्या 3 बाद 1465 होती. एखाद्या सामन्यातील दोन बाजूंमध्ये इतकी दरी असेल, तर तिथला डाव फलंदाजाची चिकाटी आणि शरीराची क्षमता दाखवतो, मात्र ताशी 140 किलोमीटर वेगाने छातीवर येणाऱ्या चेंडूपुढे तो काय करील याविषयी अक्षरही सांगत नाही. त्या मुलाभोवती रातोरात उसळलेले कौतुक पाहता, या प्रकरणात मोजमापाची चूक त्याच्यापेक्षा मोठ्या माणसांकडूनच झाली, असे म्हणणे भाग आहे.

याउलट ऑक्टोबर 2019 मध्ये विजय हजारे करंडक या एकदिवसीय स्पर्धेत मुंबईच्या यशस्वी जयस्वालने झारखंडविरुद्ध 154 चेंडूंत 203 धावा केल्या, तेव्हा समोर भारताकडून कसोटी खेळलेला वरुण आरोन आणि त्याच महिन्यात कसोटी पदार्पण करणारा शाहबाज नदीम हे गोलंदाज होते. 1009 पुढे 203 हा आकडा किरकोळ दिसतो, पण पारख करणाऱ्याला तो कितीतरी अधिक सांगतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राजस्थान रॉयल्सने 20 लाखांच्या मूळ किमतीवरून 2.40 कोटींपर्यंत जाऊन जयस्वालला घेतले. मूळ किंमत म्हणजे ज्या रकमेपासून बोली सुरू होते ती रक्कम. अमेरिकेतील पारखीही हाच हिशेब मांडतात. महाविद्यालयीन क्वार्टरबॅकने किती फेकी यशस्वी केल्या, याआधी ते असे विचारतात की त्याच्यापुढे संरक्षक खेळाडूंची फळी किती भक्कम होती, चेंडू झेलणारे साथीदार प्रतिस्पर्ध्यांपेक्षा किती वरचढ होते, आणि प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना फेकलेल्या चेंडूंचे काय झाले.

शालेय वयोगटात आणखी एक गोष्ट आकड्यांना फुगवते, ती म्हणजे शरीराची वाढ. तेराव्या-चौदाव्या वर्षी लवकर वाढलेला मुलगा सवंगड्यांपेक्षा सहज वेगवान ठरतो, आणि अठराव्या वर्षी ती आघाडी संपलेली असते; वयाची खातरजमा करण्यासाठी नियामक मंडळ हाडांच्या वाढीची क्ष-किरण तपासणी करते, पण ती वय ठरवते, भवितव्य नव्हे.

सरासरी आणि स्ट्राइक रेट पाहिले की झाले, ही समजूत थोडी अधिक सुशिक्षित असली तरी समजूतच आहे. स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे काढलेल्या धावा. तीस चेंडूंत 45 धावा केल्या तर तो 150 होतो. परंतु पहिल्या सहा षटकांत, म्हणजे पॉवरप्लेमध्ये, तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात, त्यामुळे सलामीवीराचे 150 आणि सोळाव्या षटकात पाच क्षेत्ररक्षक सीमेवर उभे असताना आलेल्या फलंदाजाचे 150 यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून संघांचे विश्लेषक आकड्यांचे तुकडे पाडतात. डावाचा कोणता टप्पा होता, वेगवान गोलंदाज होता की फिरकी, चेंडू आखूड टप्प्याचा होता की पायापाशी, खेळपट्टी वानखेडेसारखी लाल मातीची, उसळी देणारी होती की संथ, या प्रत्येक प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले जाते. काही मोलाचे खेळ तर या तक्त्यांत मुळी येतच नाहीत. मुंबईत 1948 पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये ओल्या, अनिश्चित खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावा तंत्राची जी साक्ष देतात, ती टी-20 चे गणित मांडणाऱ्या संगणकाला दिसत नाही, आणि अशा वेळी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या अनुभवी माणसाची नजर अजूनही कामी येते.

निवड चाचणीत चमकले की काम फत्ते, या समजुतीचे खंडन अमेरिकेतील एका प्रसिद्ध उदाहरणाने होते. तिथे ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस शहरात ‘कम्बाइन’ नावाची शारीरिक चाचण्यांची मालिका होते, ज्यात चाळीस यार्डांची धाव घड्याळावर मोजली जाते. 2000 साली टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकने ती धाव 5.28 सेकंदांत, म्हणजे संथपणे पूर्ण केली आणि त्याची निवड 199 व्या क्रमांकावर झाली. पुढे त्याने अजिंक्यपदाचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, सात वेळा जिंकला. उलट 2007 मध्ये भक्कम शरीरयष्टी आणि विलक्षण लांब फेक यांच्या बळावर पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जामार्कस रसेल तीन हंगामांतच स्पर्धेबाहेर गेला. आयपीएल संघांच्या चाचण्यांचा हेतूही मर्यादित असतो. सामन्यांतून बनलेले मत पक्के करणे, उरलेल्या एखाद्या शंकेचे, उदाहरणार्थ उसळत्या चेंडूपुढील पदलालित्याचे, निरसन करणे आणि ‘बारा चेंडूंत पंचवीस हव्यात’ असा प्रसंग रचून खेळाडूचा विचार कसा चालतो हे पाहणे, एवढ्यासाठी त्या असतात.

किमतीविषयीचा गैरसमज वृत्तपत्रांचे मथळेच जोपासतात. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दा येथे झालेल्या मोठ्या लिलावात 577 खेळाडूंची यादी होती, दहा संघांकडे मिळून 204 जागा रिकाम्या होत्या आणि 182 खेळाडू विकले गेले; याचा अर्थ उरलेले सर्व गुणहीन होते असा काढणे हास्यास्पद आहे. बोली वर चढण्यासाठी एकाच वेळी किमान दोन संघांना तोच खेळाडू हवा असावा लागतो. तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीसाठी राजस्थान आणि दिल्ली यांच्यात चुरस झाली म्हणून रक्कम 1.10 कोटींवर गेली. दिल्लीने हात आखडता घेतला असता, तर तोच मुलगा, त्याच गुणांसह, 30 लाखांत मिळाला असता. नाव लिलावात पहिल्या तासाला पुकारले जाते की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, थैल्या तोवर किती रिकाम्या झाल्या, संघाला डावखुरा हवा की उजवा, आणि 2023 पासून लागू झालेल्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमामुळे, म्हणजे सामन्याच्या मध्यात एक खेळाडू बदलण्याच्या मुभेमुळे, अष्टपैलूची गरज किती उरली, या साऱ्यांचा किमतीवर परिणाम होतो.

पहिल्या हंगामातील अपयश म्हणजे पारखीची चूक, असेही घाईने म्हटले जाते. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नई सुपर किंग्जने डिसेंबर 2018 मध्ये 20 लाखांना घेतले, 2019 मध्ये एकाही सामन्यात खेळवले नाही, आणि 2020 मध्ये त्याच्या पहिल्या तीन डावांत 0, 5 आणि 0 अशा धावा झाल्या. पुढच्या तीन डावांत त्याने तीन अर्धशतके केली आणि 2021 मध्ये 635 धावांसह तो स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. जयस्वालनेही 2020 मध्ये तीन सामन्यांत केवळ 40 धावा केल्या होत्या, आणि 2023 मध्ये 625.

लिलावात नाव पुकारूनही कोणी हात वर केला नाही तर सारे संपले, ही यांतली शेवटची आणि घरोघरी सर्वाधिक अश्रू ढाळायला लावणारी समजूत. नियमांनुसार न विकल्या गेलेल्या नोंदणीकृत खेळाडूंचा एक राखीव संच राहतो, आणि हंगामात कोणी जखमी झाला तर संघ त्या संचातून बदली खेळाडू घेऊ शकतो, मात्र मूळ किमतीपेक्षा कमी रक्कम देऊ शकत नाही. जेद्दामध्ये न विकला गेलेला शार्दूल ठाकूर याच वाटेने मार्च 2025 मध्ये जखमी मोहसिन खानच्या जागी लखनऊ संघात आला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याने हैदराबादविरुद्ध 34 धावांत चार बळी घेतले. विरारच्या आयुष म्हात्रेचे उदाहरण याहून बोलके आहे. लिलावाआधी चेन्नईने त्याला चाचणीसाठी बोलावले होते, तरीही लिलावात 30 लाखांची बोली ना चेन्नईने लावली ना इतर कोणी. त्यानंतर पुढच्याच महिन्यात त्याने विजय हजारे करंडकात नागालँडविरुद्ध 117 चेंडूंत 181 धावा केल्या, आणि एप्रिलमध्ये कोपराच्या दुखापतीने गायकवाड हंगामाबाहेर गेल्यावर त्याच 30 लाखांत चेन्नईने म्हात्रेला करारबद्ध केले. 20 एप्रिलला वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध पदार्पण करताना, वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हायला तीन महिने उरले असताना, त्याने 15 चेंडूंत 32 धावा केल्या आणि 3 मे रोजी बंगळुरूविरुद्ध 48 चेंडूंत 94.